क्रँकशाफ्टचे ऑइल सील : गळतीचे निदान आणि बदलण्याची प्रक्रिया (सायखेडा परिसरातील वाहनांच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : क्रँकशाफ्ट, ऑइल सील, तेलगळती, बॅक कॉम्प्रेशन, क्लच, पूरग्रस्त वाहने

प्रस्तावना :

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदावरीकाठचे बाजारपेठेचे गाव होय. नदीच्या पलीकडे चांदोरी, मध्ये पूल आणि सभोवती कांदा, द्राक्षे, ऊस व भाजीपाला पिकवणारी शिवारे अशी या परिसराची रचना आहे. पिंपळगाव बसवंत कृषी उत्पन्न बाजार समितीचे उपबाजार आवार येथे असल्याने कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टर, पिकअप आणि जीप यांची रीघ लागलेली असते. काही माल नाशिकला, तर काही कसारा घाट उतरून वाशीच्या बाजारपेठेकडे जातो. अशा गावात मोटारवाहन ही चैनीची वस्तू उरलेली नसून ते शेतीचेच एक अवजार बनले आहे.

या अवजाराच्या दुरुस्तीत एक विसंगती वारंवार अनुभवास येते. इंजिनमधील क्रँकशाफ्टच्या मागील टोकाला असलेले ऑइल सील ही रबराची एक लहानशी कडी. तिची किंमत एकूण दुरुस्तीच्या खर्चात नगण्य असते. परंतु तिच्यापर्यंत हात पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच सोडवावा लागतो, फ्लायव्हील काढावे लागते. वाहन एक-दोन दिवस गॅरेजमध्ये अडकते आणि नेमक्या त्याच दिवसांत बाजारभाव चांगला असेल तर ते नुकसान कोणत्याही बिलात दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे नवे सील बसवल्यानंतर महिन्याभरात पुन्हा तेल टपकू लागते. मालक मिस्त्रीला दोष देतो, मिस्त्री सीलच्या दर्जाला दोष देतो आणि गिअरबॉक्स दुसऱ्यांदा खाली येतो.

अशा पुनरावृत्त गळतीत सील पुष्कळदा निर्दोष असते. इंजिनच्या अंतर्भागात घडलेल्या दुसऱ्याच एखाद्या बिघाडाची वर्दी ते देत असते. प्रस्तुत लेखात ऑइल सीलचे कार्य, गळतीचे निदान आणि सील बदलण्याची प्रक्रिया यांचे विवेचन केले असून, गॅरेजमधील प्रत्येक रूढ नियमामागे कोणते भौतिक कारण आहे हे दाखवण्यावर भर दिला आहे.

सीलचे स्थान, रचना व विकास :

सिलिंडरमधील दट्ट्याची वर-खाली गती वर्तुळाकार गतीत रूपांतरित करणारा दंड म्हणजे क्रँकशाफ्ट. त्याची दोन्ही टोके इंजिनच्या पेटीतून बाहेर येतात. पुढील टोकावर पट्ट्याची पुली असते, तर मागील टोकावर फ्लायव्हील आणि त्याला जोडून क्लच असतो. आत सर्वत्र तेलाचे शिंतोडे व वाफ, बाहेर धूळ आणि हवा. आणि या दोहोंच्या सीमेवर मिनिटाला हजारो फेरे घेणारा दंड. ही सीमा राखण्याचे काम दोन ऑइल सील करतात.

जुन्या यंत्रांत हे काम नमदा, चामडे किंवा ग्रॅफाइट लावलेली दोरी यांवर सोपवलेले होते. ॲम्बॅसेडर मोटारीच्या जुन्या १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात तर मागील बाजूस दंडावर उलट्या आट्यांची नाली कोरलेली असे. दंड फिरू लागला की ती नाली तेलाला मळसूत्राप्रमाणे मागे, म्हणजे इंजिनच्या आत ढकलत असे. इंजिन थांबल्यावर मात्र थोडे तेल झिरपत राही. ही उलट्या आट्यांची कल्पना पुढे सूक्ष्म रूपात पुन्हा भेटणार आहे.

आजच्या ऑइल सीलचा पूर्वज १९२९ मध्ये जर्मनीत तयार झाला. वाइनहाइम येथील फ्रॉयडेनबर्ग या मूळच्या चामडे कमावणाऱ्या कारखान्यातील वाल्टर सिमर या अभियंत्याने धातूच्या कवचात चामड्याची कडा बसवलेले सील विकसित केले. तेलात मुरलेले चामडे लवचीक राहते, झिजते पण लवकर तुटत नाही, हा गुण महाराष्ट्रातील शेतकऱ्याला मोटेच्या काळापासून ठाऊक होता. हातपंपाच्या दट्ट्यावरही चामड्याच्याच वाट्या दीर्घकाळ वापरल्या गेल्या. पुढे दोन्हीकडे चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली.

प्रचलित सीलचे चार भाग असतात : बाहेरील पोलादी कवच, त्यावर चिकटवलेले रबर, दंडाला स्पर्श करणारी मुख्य कडा (गॅरेजच्या भाषेत ‘लिप’) आणि त्या कडेला मागून आवळून धरणारी कड्याच्या आकाराची बारीक स्प्रिंग. अनेक सीलमध्ये बाहेरच्या बाजूस धूळ अडवणारी आणखी एक आखूड कडा असते. सीलवर ८०×१००×१० असे आकडे कोरलेले असल्यास ते अनुक्रमे दंडाचा व्यास, घराचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये दर्शवतात. आकडे जुळले म्हणजे सील जुळले, असा समज मात्र घातक आहे. नायट्राइल रबर साधारणतः १०० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते, पॉलिॲक्रिलेट सुमारे १५० अंशांपर्यंत, तर फ्लुरोकार्बन रबर सुमारे २०० अंशांपर्यंत. तिन्हींचे माप एकच असू शकते. पाण्याच्या पंपासाठी केलेले नायट्राइलचे सील मापात बसते म्हणून इंजिनच्या मागील टोकाला बसवल्यास ते काही महिन्यांत कडक होते.

सील तेल कसे रोखते? :

रबराची कडा दंडाला घट्ट चिकटते आणि म्हणून तेल बाहेर येत नाही, हे सर्वसामान्य स्पष्टीकरण अपुरे आहे. एका हिशेबाने ही बाब स्पष्ट होईल. मागील दंडाचा व्यास ८० मि.मी. धरल्यास त्याचा परीघ सुमारे २५१ मि.मी. भरतो. सायखेड्याहून वाशीपर्यंतचे साधारण दोनशे किलोमीटरचे अंतर भरलेल्या पिकअपने पाच तासांत कापले आणि इंजिनची सरासरी गती मिनिटाला २५०० फेरे राहिली, तर एकूण ७,५०,००० फेरे होतात. म्हणजेच रबराच्या त्या कडेखालून दंडाचा पृष्ठभाग सुमारे १८८ किलोमीटर घासत जातो. वाहन रस्त्यावर जितके अंतर कापते, जवळजवळ तितकेच अंतर सीलची कडा आपल्या जागी बसून कापते. कोरडे रबर पोलादावर इतके घासले असते तर एका फेरीतच जळून गेले असते.

कडा टिकते याचे कारण तिच्या व दंडाच्या दरम्यान तेलाचा अत्यंत पातळ थर असतो. त्याची जाडी मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. ब्रिटिश संशोधक ई. टी. जॅगर यांनी १९५७ मध्ये या थराचे अस्तित्व प्रयोगाने दाखवून दिले. त्यातून एक नवाच प्रश्न उभा राहिला. कडेखाली जर सतत तेल असेल, तर ते बाहेर का येत नाही?

त्याचे उत्तर कडेच्या आकारात दडलेले आहे. कडेचा तेलाकडील उतार तीव्र आणि हवेकडील उतार सौम्य ठेवलेला असतो. त्यामुळे स्पर्शपट्ट्यातील दाब सर्वत्र सारखा नसतो. त्याचे शिखर तेलाच्या बाजूला सरकलेले असते. दंड फिरताना रबराच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवटे फिरण्याच्या दिशेने ओढले जाऊन तिरपे होतात आणि असंख्य बारीक पात्यांप्रमाणे तेलाला हवेकडून तेलाकडे परत लोटतात. सीलला म्हणूनच एक सूक्ष्म पंप म्हणता येईल. ॲम्बॅसेडरच्या कोरलेल्या नालीचे काम येथे रबराचा पृष्ठभाग करतो. काही सीलच्या बाह्य उतारावर तिरप्या बारीक रेघा मुद्दाम उठवलेल्या असतात. त्या फिरण्याच्या एकाच दिशेसाठी असतात आणि बाणाने ती दिशा दर्शवलेली असते.

एवढे लक्षात घेतले की गॅरेजमधील अनेक नियमांचा उलगडा होतो. सील उलटे बसवले तर ते रोखण्याऐवजी तेल बाहेर उपसू लागते, कारण पंपाची दिशा उलटते. दंडावर आडवातिडवा पॉलिश पेपर फिरवला तर त्या ओरखड्यांचे मळसूत्र बनते आणि निर्दोष सील असूनही तेल बाहेर येते. कडा कोरडी ठेवून इंजिन सुरू केले तर थर तयार होण्यापूर्वीच कडा भाजते.

गळतीचे निदान :

इंजिनच्या खाली मागील बाजूस तेलाचे थेंब दिसले की ‘मागचे सील गेले’ असा निष्कर्ष काढण्याची घाई सार्वत्रिक आहे. वस्तुतः तेल गुरुत्वाकर्षणाने खाली आणि चालत्या वाहनाच्या वाऱ्याने मागे जाते. त्यामुळे टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून, तेलदाबाच्या स्विचमधून किंवा चेंबरच्या गॅस्केटमधून निघालेले तेलही शेवटी त्याच ठिकाणी टपकते. गिअरबॉक्स उतरवल्यावर हे लक्षात येणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी वाया जाणे होय.

खात्रीचा मार्ग साधा आहे. इंजिन बाहेरून डिझेलने व नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. संशयित जागांवर वर्गातील खडूची पूड शिंपडावी आणि वाहन दहा-पंधरा मिनिटे चालवून पुन्हा पाहावे. पांढऱ्या पुडीवर सर्वांत वर जेथे ओल उमटते तेथून गळती सुरू होते. इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधील घंटाकृती भागाच्या, म्हणजे बेल हाऊसिंगच्या, तळाशी बहुधा एक लहान छिद्र असते. वरचा भाग कोरडा असून त्या छिद्रातूनच तेल येत असेल तर संशय आत वळवावा. तेथेही दोन शक्यता उरतात, कारण गिअरबॉक्सच्या पुढील दंडालाही सील असते. गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो; डिझेल इंजिनचे वापरलेले तेल काळे आणि तुलनेने पातळ असते. बोट लावून वास घेण्याची मिस्त्रींची सवय शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य आहे.

गळतीचे प्रमाण किती, यापेक्षा ती कोठे होते हे अधिक महत्त्वाचे. तेलाच्या एका थेंबाचे आकारमान ०.०५ मि.ली. धरले आणि दर दहा सेकंदांनी एक थेंब पडतो असे मानले, तर पाच तासांच्या फेरीत ९० मि.ली. तेल जाते. चार-पाच लिटर तेल असणाऱ्या इंजिनला एवढ्याने धोका नाही. दररोज पट्टी काढून पातळी पाहणारा चालक असे वाहन दीर्घकाळ चालवू शकतो. परंतु मागील सीलचे हेच ९० मि.ली. फिरत्या फ्लायव्हीलवर पडून क्लच प्लेटवर उडाले तर प्लेट घसरू लागते. चढावर इंजिन गुरगुरते आणि वाहन रेंगाळते, हा त्याचा परिचित परिणाम. त्याहून गंभीर बाब उताराची आहे. कसारा घाट उतरताना भरलेले वाहन खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनचा रोध वापरला जातो. घसरणारा क्लच तो रोध चाकांपर्यंत पुरता पोहोचू देत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. पुढील सीलच्या गळतीत असाच धोका टायमिंग बेल्टचा असतो. तेलाने भिजलेला बेल्ट फुगतो, त्याचे दात सुटतात आणि अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात.

गळतीची मूळ कारणे :

रबराचे वय हे पहिले आणि सर्वांत सरळ कारण. उष्णतेने रबर कडक होते, कडेला भेगा पडतात आणि ती दंडाच्या सूक्ष्म थरथरीबरोबर हलू शकत नाही. हंगाम संपल्यावर महिनोन्महिने शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या वाहनांत कडेखालचा थर नाहीसा होतो व रबर एकाच आकारात बसते. अशा ठिकाणी सील बदलणे पुरेसे असते.

दुसरे कारण इंजिनच्या पेटीतील वाढलेला दाब. गॅरेजमध्ये याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाचा थोडा वायू त्यांच्या कडेने खाली उतरतोच. तो बाहेर काढण्यासाठी ब्रीदर नळी असते. नळी काजळीने तुंबली किंवा रिंगा झिजून वायूचे प्रमाण वाढले की पेटीत दाब साचतो. साध्या ऑइल सीलची सहनशक्ती फार थोडी, जेमतेम ०.२ ते ०.५ बार, आणि गती वाढेल तशी ती आणखी घटते. दाब वाढला की कडा दंडावर जास्त आवळली जाते, तापते, झिजते आणि शेवटी वाट देते. पाटाला पाणी वाढत असताना बांधाच्या एका भोकाला चिखल लिंपावा, तसे अशा इंजिनला नवे सील बसवणे होय.

हा दाब तपासण्यासाठी खर्चिक उपकरण लागत नाही. इंजिन गरम करून मंद गतीवर ठेवावे आणि तेल भरण्याचे झाकण सैल करावे. सुस्थितीतील पेट्रोल इंजिनात त्या तोंडावर ठेवलेला कागद हलकेच आत ओढला जातो. जुन्या डिझेल इंजिनात थोडी वाफ दिसणे स्वाभाविक मानावे. परंतु झाकण उडू पाहत असेल, धुराचे झोत येत असतील किंवा तेलाची पट्टी आपोआप वर सरकत असेल, तर सीलला हात लावण्यापूर्वी ब्रीदर उघडावा. तो साफ करण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. त्यानंतरही दाब कायम राहिला तर प्रश्न रिंगांचा, म्हणजे इंजिनच्या संपूर्ण कामाचा आहे, आणि तो खर्च करायचा की वाहन विकायचे हा निर्णय मालकाने गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी घेतलेला बरा.

तिसरे कारण दंडावर पडलेली चर. रबरासारख्या मऊ पदार्थाने पोलाद कसे झिजते, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. रहाटाच्या दोराने विहिरीच्या दगडाला चर पडते हे त्याचे जुने उदाहरण आहे. धुळीचे कठीण कण रबरात रुतून बसतात आणि रबर त्यांना घट्ट धरून ठेवते. मग तीच कडा कानशीप्रमाणे एकाच रेषेवर लाखो फेरे काम करते. चरीवर नखाचे टोक फिरवल्यास ते अडते. नवे सील अगदी त्याच रेषेवर बसवले तर त्याची कडा चरीत अर्धवट लोंबते.

चौथे कारण क्वचित तपासले जाते. मुख्य बेअरिंगे झिजली की दंड मध्यावर फिरत नाही, आणि थ्रस्ट वॉशर झिजले की तो पुढे-मागे सरकतो. रबराची कडा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतके हेलकावे पेलते, त्याहून जास्त नाही. क्लचच्या पेडलवर सतत पाय ठेवून चालवण्याची सवय थ्रस्ट वॉशरची झीज वाढवते. तेलगळतीचे मूळ अशा रीतीने चालकाच्या डाव्या पायातही सापडू शकते.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली वाहने :

सायखेडा-चांदोरी परिसराच्या संदर्भात आणखी एका कारणाचा स्वतंत्र विचार आवश्यक ठरतो. खाली गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आणि वर नाशिककडून येणारा विसर्ग यांच्यामध्ये हा पट्टा वसला आहे. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरांत दोन्ही गावांत पाणी शिरले. अशा वेळी घराशेजारी उभे केलेले वाहन तासन्‌तास गाळमिश्रित पाण्यात राहते.

ऑइल सीलची रचना आतील तेल रोखण्यासाठी केलेली असते. आतून आलेला किंचित दाब कडेला दंडावर टेकवतो. बाहेरून आलेला दाब तिला दंडावरून उचलू पाहतो. इंजिनच्या टोकावर एक मीटर पाणी उभे राहिले तर सुमारे ०.१ बार दाब उलट दिशेने पडतो, आणि त्या वेळी दंड फिरत नसल्याने सूक्ष्म पंपही बंद असतो. पाण्याचा मोठा भाग एअर फिल्टर, ब्रीदर आणि पट्टीच्या नळीतून आत जातो हे खरे. तथापि सीलजवळ घडणारी हानी वेगळ्या प्रकारची असते. बारीक गाळ धुळीची कडा आणि मुख्य कडा यांच्या मधल्या खाचेत अडकतो. दंडाच्या चकचकीत पट्ट्यावरील तेल धुतले जाऊन तेथे काही दिवसांत गंज धरतो. बेल हाऊसिंगच्या तळाच्या छिद्रातून शिरलेले पाणी क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटवून टाकते.

पूर ओसरल्यावर ‘चालू होते का पाहू’ म्हणून चावी फिरवणे ही म्हणूनच सर्वांत महागात पडणारी कृती होय. सिलिंडरमध्ये पाणी असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो; नसले तरी गाळ कडेखाली ओढला जाऊन पहिल्या काही फेऱ्यांतच दंडावर ओरखडे पडतात. प्रथम चेंबरचा नट सोडून तेल पाहावे. ते दुधाळ करडे असेल तर पाणी मिसळलेले आहे हे निश्चित. ते काढून, फिल्टर बदलून, स्वस्त तेलाने आतील भाग धुऊन मगच इंजिन हाताने फिरवावे. पूर्ण बुडालेल्या वाहनात क्लच उघडणे अटळच असल्याने त्याच वेळी मागील सील बदलणे व्यवहार्य ठरते. काढलेले जळके ऑइल वाळवीसाठी लाकडाला लावण्याची किंवा ओढ्यात सोडून देण्याची रीत मात्र थांबायला हवी. ओढा अखेर गोदावरीलाच मिळतो.

मागील सील बदलण्याची प्रक्रिया :

बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवावी. वाहन जॅकवर उचलून घोड्यांवर स्थिर करावे. केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. मागील चाकांवर चालणाऱ्या वाहनात प्रोपेलर शाफ्ट काढून गिअरबॉक्स सरळ मागे ओढून उतरवला जातो. मारुती ८०० सारख्या आडव्या इंजिनाच्या मोटारीत दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात आणि इंजिनला वरून आधार द्यावा लागतो. गिअरबॉक्सचे वजन क्लचच्या मध्यावर लोंबू देणे टाळावे, अन्यथा प्लेट वाकते.

प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील यांवर परस्परसंबंध दर्शवणारी खूण करून बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरच्या क्रमाने सैल करावेत. फ्लायव्हील काढल्यावर सील समोर दिसते. येथे थांबून व्हर्निअरने सील घराच्या कडेपासून किती आत बसले आहे, ते तीन-चार ठिकाणी मोजून लिहून ठेवावे. सगळी मापे सारखी नसतील, तर आधीचे सील तिरपे बसवले गेले होते आणि गळतीचे कारण सापडले असे समजावे.

जुने सील काढताना दंडाला ओरखडा न पडू देणे हे या कामातील सर्वांत कठीण अंग आहे. स्क्रू ड्रायव्हर दंडावर टेकवून सील उचकटण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. एवढ्या एका चुकीने पुढील सर्व श्रम व्यर्थ जातात. सीलच्या पोलादी कवचाला बारीक छिद्र पाडून त्यात स्क्रू आवळावा आणि पकडीने स्क्रू ओढावा. छिद्र पाडताना टोकाला ग्रीस लावल्यास लोखंडाचा चुरा त्यात अडकतो.

काढलेले सील लगेच फेकून न देता उजेडात पाहावे. कडा कडक व भेगाळलेली असेल तर वय किंवा उष्णता. एकाच बाजूने झिजलेली असेल तर दंड किंवा सील मध्यावर नाही. झिजेचा पट्टा सर्वत्र रुंद व चकचकीत असेल तर दाब किंवा कोरडेपणा. रबर फुगून मऊ झाले असेल तर तेलात डिझेल मिसळले आहे किंवा रबर चुकीच्या जातीचे आहे. कडेवर एकच स्वच्छ काप असेल तर तो बसवतानाच पडलेला असतो. स्प्रिंग जागेवर नसेल तर ती सापडेपर्यंत चेंबर उघडून शोधणे भाग आहे.

आता दंड पाहावा. हलका गंज किंवा डाग असल्यास अतिशय बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून दंडाच्या परिघाला धरून, पुढे-मागे न सरकवता फिरवावा. चर असल्यास दोन उपाय आहेत. घरात जागा असेल तर नवे सील एक ते दोन मि.मी. कमी किंवा जास्त खोल बसवून कडा कोऱ्या पृष्ठभागावर आणता येते. तेलाच्या परतीचे छिद्र झाकले जात नाही ना एवढे पाहावे. चर खोल असेल तर दंडावर पातळ पोलादी स्लीव्ह चढवतात. तिची जाडी सुमारे पाव मिलिमीटर असल्याने मूळ मापाचेच सील चालते. इंजिन न उघडता हा उपाय करता येतो हे त्याचे मोल.

सीलचे घर स्वच्छ पुसून, नव्या सीलच्या कडेला व दंडाला इंजिन ऑइल लावावे. टेफ्लॉनच्या कडेची सील याला अपवाद असून ती सामान्यतः कोरडीच, सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या कड्यावरून सरकवून बसवतात. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे राहील याची खात्री करावी. दंडाच्या धारदार कडेवरून जाताना रबर उलटू नये म्हणून पातळ प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळणे उपयुक्त ठरते. सील ठोकण्यासाठी त्याच व्यासाची सपाट कडी हवी; अनुभवी मिस्त्री जुन्या बेअरिंगची बाहेरील कडी किंवा लेथवर कापून घेतलेला पाइपचा तुकडा वापरतात, आणि हा पर्याय सर्वस्वी मान्य करण्याजोगा आहे. हातोड्याने एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ठोकणे मात्र टाळावे. पूर्वी नोंदवलेली खोली चारही दिशांना पुन्हा मोजावी.

फ्लायव्हील चढवण्यापूर्वी दंड लोखंडी पट्टीने पुढे-मागे सरकवून डायल गेजवर त्याची चाल पाहावी. ती कंपनीने दिलेल्या मर्यादेबाहेर असल्यास थ्रस्ट वॉशर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. काही इंजिनांत फ्लायव्हीलच्या बोल्टची छिद्रे थेट तेलाच्या पेटीत उघडतात. तेथे आट्यांना सीलंट न लावल्यास बोल्टमधूनच तेल झिरपते आणि दोष पुन्हा नव्या सीलवर येतो. बोल्ट टॉर्क पान्याने, ठरलेल्या क्रमाने आवळावेत. तेल मुरलेली क्लच प्लेट पेट्रोलने धुऊन परत वापरण्याचा मोह आवरावा. तेल अस्तराच्या आत शोषलेले असते. प्लेट तापली की ते पुन्हा पृष्ठभागावर येते.

पुढील सील :

पुढील सीलचे काम तुलनेने सुकर असले तरी त्यात एक जोखीम आहे. टायमिंग बेल्ट काढण्यापूर्वी क्रँक व कॅम यांच्या खुणा जुळवून घेतल्या नाहीत तर इंजिनची वेळ चुकते. पुष्कळ इंजिनांत सीलची कडा क्रँकवर न टेकता पुलीच्या मानेवर टेकते. चर तेथे पडलेली असल्यास पुली किंवा तिची मान बदलणे हा सोपा मार्ग उपलब्ध असतो. तेलाने भिजलेला बेल्ट पुसून परत चढवू नये.

बसवल्यानंतरची तपासणी :

तेलाची पातळी पाहून इंजिन मंद गतीवर काही मिनिटे चालवावे आणि बेल हाऊसिंगच्या तळाचे छिद्र पाहावे. त्यानंतर पन्नास ते शंभर किलोमीटरचा प्रवास रिकाम्या वाहनाने करून रात्रभर खाली पांढरा कागद अंथरावा. सकाळी कागदावर डाग असल्यास त्याचा वास व रंग पुन्हा तपासावा, कारण बेल हाऊसिंगमध्ये उरलेले जुने तेलही काही दिवस गळत राहते. खरा निकाल पहिल्या भरलेल्या फेरीनंतर, इंजिन पूर्ण तापून थंड झाल्यावर मिळतो. सीलच्या बाहेरील कडेपाशी दिसणारी अत्यंत पातळ, न टपकणारी ओल ही गळती समजू नये. कडेखालच्या ज्या थरावर सील जगते त्याचाच तो किंचित बाहेर डोकावणारा काठ असतो.